नवी बॅटरी, नवा सेन्सर, तक्रार तीच: १४ वर्षांच्या गाडीचे प्रकरण

गाडी अशी: १.६ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, ड्राइव्ह पुढच्या चाकांना. वय १४ वर्षे, मीटरवर १,६२,००० किलोमीटर, सर्व्हिसची कसलीही नोंद नाही. मालकाची ही पहिलीच गाडी. याआधी बोनेट उघडले ते वॉशरचे पाणी भरण्यापुरते. जुनी गाडी पहिल्यांदा घेणाऱ्या कुणाचेही हे प्रकरण असू शकते आणि इथे ते नमुना म्हणूनच घेतले आहे. आकडे मात्र अशा अवस्थेतल्या गाडीवर मीटर लावला तर साधारण जे दिसतात तेच आहेत.

तक्रारी पाच. सकाळी सेल्फ (स्टार्टर) मारला की इंजिन जड फिरते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सुरू होते. इंजिनचा दिवा सतत पेटलेला, आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, गाडी थरथरते. कोंडीत अडकले की तापमानाचा काटा वर चढतो, रस्ता मोकळा झाला की खाली येतो. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात हलते. खड्ड्यातून जाताना पुढून डावीकडे खडखड येते. शिवाय हेडलाइट मंद आहेत, पण जुन्या गाडीला एवढे चालायचेच असे समजून ती गोष्ट तक्रारीत धरलेलीच नव्हती.

आमच्यापर्यंत प्रकरण येईस्तोवर तीन खरेद्या झाल्या होत्या. सेल्फ जड म्हणून नवी बॅटरी. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारे यंत्र) पी०१७१ हा कोड आला म्हणून पुढचा ऑक्सिजन सेन्सर. आणि हेडलाइटसाठी एलईडी बल्बची जोडी, जी अजून खोक्यातच होती. पहिल्या दोन्ही वस्तू बसवूनही गाडीत तसूभर फरक नव्हता. पुढची यादीही तयार होती: १६ इंची अलॉय चाके, टचस्क्रीन, उघडा एअर फिल्टर.

आधी काय, मग काय

नवख्या मालकाचा क्रम बहुधा त्रासाच्या तीव्रतेवर ठरतो. जे रोज खटकते ते आधी. पण गाडीचा क्रम वेगळा असतो: थांबते का, मग इंजिन जिवंत राहील का, मग सुरू होते का, मग नीट चालते का, आणि सगळ्यात शेवटी छान दिसते-वाजते का. या हिशेबाने पहिला नंबर ब्रेक आणि टायरचा आणि दुसरा टायमिंग बेल्टचा (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा) लागला. बेल्टची तर तक्रारच नव्हती, आणि नेमकी हीच त्यातली भीती. बेल्ट तुटण्याआधी सांगून येत नाही.

पहिल्या फेरीत काहीही उघडायचे नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीच्या पुढच्या टायरांची नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक होती, पण वय दहाच्या पुढे आणि बाजूला बारीक चिरा. नक्षी कितीही उरो, असे टायर बदलायचेच. गाडी सपाट जागेवर गार असताना ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि क्लच ऑइलची पातळी पाहिली. कूलंटच्या टाकीत तपकिरी पाणी, ब्रेक ऑइल चहासारखे गडद. इंजिनच्या वर व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने ओलसरपणा.

स्कॅनर लावला की कोड पुसून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. कोडबरोबर तो पडला त्या क्षणाचे वाचन साठवलेले असते: इंजिनचे फेरे, तापमान, भार, इंधनाची दुरुस्ती. कोड पुसला की तेही जाते. आधी सगळे उतरवून घ्या.

सेल्फ जड का फिरतो

या प्रकरणातली सर्वात शिकण्याजोगी गोष्ट इथे आहे, म्हणून कामाचा क्रम सोडून ती आधी, आणि थोडे सविस्तर.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला: १२.३ व्होल्ट. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. बॅटरी नवी, तरी अर्धीच भरलेली. याची कारणे दोनच: रात्री कुणीतरी वीज खाते आहे किंवा दिवसा ती भरतच नाही. गाडी बंद करून, दारे लॉक करून, कंट्रोल युनिट झोपी जाईपर्यंत चाळीस मिनिटे थांबून ॲमीटर लावला तर २८ मिलिॲम्पिअर. पन्नासच्या आत असेल तर ठीक. म्हणजे चोरी नाही, भरणाच कमी आहे.

इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.४ व्होल्ट. तोच मीटर अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर आणि अल्टरनेटरच्याच धातूच्या अंगावर लावला तर १४.२. अल्टरनेटर चोख काम करतोय, पण वाटेत ०.८ व्होल्ट गळताहेत. इथे बरेच जण अल्टरनेटर बदलून मोकळे होतात.

वाट शोधायची पद्धत सोपी आहे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला (क्लॅम्पला नव्हे, खुद्द खांबाला) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावायचे. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. तारा आणि जोड चांगले असतील तर मीटर ०.२-०.३ व्होल्टच्या वर जात नाही. इथे २.१ आले. धन बाजूला, म्हणजे धन खांबापासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, ०.२. बॅटरीचा ऋण खांब ते बॉडी ०.१. उरले फक्त बॉडी ते इंजिन. ही जोडणी गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणाऱ्या एका विणलेल्या अर्थ (अर्थिंगच्या) पट्टीने होते. पट्टी दिसायला शाबूत होती. बोल्ट काढल्यावर खालचा डोळा (बोल्ट जातो ते कडे) हिरवट झालेला आणि बॉडीच्या बाजूला रंगाखाली गंजाचा थर.

ओहममीटरने ही पट्टी तपासली असती तर ती ठीकच दिसली असती. शंभर-दीडशे ॲम्पिअरची वाट एखाद्या मिलिॲम्पिअरच्या चाचणीत पकडली जात नाही. एकच तार धरून असेल तरी ओहममीटर शून्याजवळ दाखवतो. म्हणून भार टाकून व्होल्ट मोजायचे.

दुरुस्ती: बॅटरीचे ऋण टोक आधी काढायचे, बसवताना सर्वात शेवटी लावायचे. दोन्ही जागा तारेच्या ब्रशने चकचकीत धातूपर्यंत घासायच्या. २५ चौरस मिलिमीटर जाडीची नवी पट्टी, दातेरी वॉशरसह, घट्ट आवळायची. पेट्रोलियम जेली लावायची ती आवळून झाल्यावर, वरून, मध्ये नाही. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यायची, कारण अर्धवट बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरवर सोपवले तर ती कितीतरी दिवस अर्धवटच राहते. पुन्हा चाचणी: सेल्फ मारताना ०.१५, चार्जिंग १४.१. जुनी बॅटरी मुळात बहुधा निर्दोष होती. कायम अर्धपोटी राहून शिशाच्या प्लेटांवर सल्फेट धरले आणि ती गेली. पट्टी तशीच राहिली असती तर नवीही त्याच वाटेने गेली असती.

जाता जाता: अर्थ खराब असली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने बॉडीकडे जातो. गिअरची किंवा ॲक्सिलरेटरची धातूची केबल अकारण गरम किंवा जड झाली असेल तर अर्थ पट्टीकडे पाहावे.

पी०१७१: सेन्सर खरे बोलत होता

हा कोड एवढेच सांगतो की मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त आहे आणि कॉम्प्युटर इंधन वाढवून वाढवून थकला आहे. कोडच्या नावात ऑक्सिजन सेन्सर कुठेही नाही. पण मिश्रण मोजतो तो सेन्सर, म्हणून खापर त्याच्यावर फुटते.

पाहायचे ते इंधन-दुरुस्तीचे आकडे, ज्यांना स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. दोन्हींची बेरीज, आधी आयडलिंगला आणि मग उभ्या गाडीत मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. इथे आयडलिंगला अधिक २३ टक्के, २५०० वर अधिक ५. हा नमुना ओळखीचा आहे. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा ओढते आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) निर्वात सर्वात जोरदार असतो, त्यामुळे एखाद्या चिरेतून चोरून येणारी हवा एकूण हवेत मोठा वाटा घेते. थ्रॉटल उघडला की निर्वात घटतो, मोजून आलेली हवा वाढते आणि चोरवाटेचा वाटा किरकोळ होतो. उलट चित्र असते, म्हणजे फेरे आणि भार वाढेल तसा आकडा चढत गेला असता, तर संशय फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेल्या हवामापक सेन्सरवर. एक सावधगिरी: हे गणित हवा मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनाचे आहे. जिथे मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज घेतला जातो तिथे चोर हवेने दाबही वाढतो, इंधनही वाढते, आणि हा कोड न पडता आयडलिंगच चढलेले दिसते.

चीर शोधायला धूर सोडण्याचे यंत्र सर्वात उत्तम. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर भरला की तो जिथून निघतो ती जागा. ते नसेल तर पातळ नळ्या एकेक करून, मध्ये कापड घेऊन, पक्कडीने चिमटायच्या. जी चिमटल्यावर आयडलिंग सुधारते आणि ट्रिम घसरतो ती नळी दोषी. क्लीनरचा फवारा मारून फेरे बदलतात का पाहण्याची रीतही प्रचलित आहे, पण तो फवारा पेट घेतो आणि गरम एक्झॉस्ट तिथेच हातभर अंतरावर असतो. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

या गाडीत व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डला जाणारी, इंजिनमधली वाफ ओढून घेणारी रबरी नळी खालच्या वळणावर फाटलेली होती. वरून बोट फिरवले तर धडधाकट; फट पूर्ण खालच्या बाजूला. तेलाच्या वाफेने रबर फुगते, मऊ पडते आणि वळणावर उकलते. नवी नळी घेताना ती तेल सोसणारीच हवी. साधी पाण्याची नळी मापाला बसते आणि थोड्याच काळात लिबलिबीत होऊन निर्वाताने चपटी होते. सोबतचा एकमार्गी व्हॉल्व्हही बदलला. बेरीज आयडलिंगला अधिक ३ वर आली. थरथर गेली.

प्लगही त्याच बैठकीत काढले, पूर्ण गार इंजिनावर. ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग काढला की आटे घेऊनच बाहेर येण्याची शक्यता असते. बसवताना आधी नुसत्या हाताने, सॉकेट आणि एक्स्टेन्शन धरून, तीन-चार फेरे सहज जायला हवेत. अडला तर मागे घ्यायचा, पान्याने रेटायचा नाही. १४ मिलिमीटर आट्याच्या, वॉशर असलेल्या प्लगला साधारण २५ न्यूटन मीटर, पण अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

काटा चढतो तो कधी

उभ्या गाडीत तापते आणि धावताना गार होते, याचा अर्थ पाणी फिरते आहे, रेडिएटर बऱ्यापैकी मोकळा आहे, पण वारा नाही. म्हणजे पंखा. धावताना, चढावर तापत असती तर शोध वेगळा झाला असता: तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), झिजलेला वॉटर पंप, हेड गॅस्केट.

एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला लागतो, इथे नाही. पंख्याचा कनेक्टर काढून बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या तारेने थेट वीज दिली तर फिरला, पण जड आणि घरघर करत. रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) एक पाय करपलेला, कनेक्टरचे प्लास्टिक वितळलेले. रिले बदलून काम भागल्यासारखे वाटते आणि थोड्या दिवसांत नवा रिलेही करपतो, कारण मूळ दोष मोटरच्या झिजलेल्या बुशात (आस जिच्यात फिरतो ती बांगडी) आहे. मोटर जड फिरते, जास्त करंट ओढते आणि वाटेतला सर्वात कमकुवत जोड जळतो. त्यामुळे मोटर, रिले आणि कनेक्टर तिन्ही एकत्र.

जुन्या गाड्यांत एक घातक उपाय वारंवार भेटतो: थर्मोस्टॅट काढून फेकून देणे. गाडी तापत नाही खरी, पण मग ती नीट गरमही होत नाही. कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जादा पेट्रोल देत राहतो, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन निघते, ॲव्हरेज कोसळते. या गाडीतही थर्मोस्टॅटची जागा रिकामीच निघाली. मॅन्युअलप्रमाणे ८८ अंशांना उघडणारा नवा बसवला, रबरी सीलसह, छोटे हवेचे छिद्र वरच्या बाजूला ठेवून.

कूलंट बदलताना हमखास चुकणारे गणित असे. या इंजिनात एकूण ६ लिटर मावते, पण रेडिएटरचा खालचा बूच उघडल्यावर जेमतेम ४ लिटर बाहेर येते. उरलेले २ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये. डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा खंगाळले की ते २ लिटर म्हणजे साधे पाणी. आता तयार ५०:५० मिश्रण ओतले तर ४ लिटरमध्ये २ लिटर कूलंट, एकूण सहामध्ये दोन. म्हणजे जेमतेम ३३ टक्के. म्हणून आधी ३ लिटर अस्सल कूलंट, मग जागा भरेपर्यंत डिस्टिल्ड पाणी. ५०:५० चे एथिलिन ग्लायकॉल मिश्रण उणे ३५ अंशांच्या खाली गोठते, आणि गंजरोधकही त्यातच पुरेसे मिळते. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनात लोखंड गंजते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ते तपकिरी पाणी त्या गंजाचाच पुरावा. कूलंटचा रंग पाहून जात ठरवू नये, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. मॅन्युअलमधला मानांकन क्रमांक जुळवावा.

हवा काढण्यासाठी गाडीचे नाक थोडे वर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडे ठेवून गार इंजिन सुरू करायचे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचे. खालची नळी गरम झाली, आत गार हवेऐवजी गरम झोत आला, बुडबुडे थांबले की झाकण लावायचे. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा पाहायची. अर्धा लिटर खाली गेलेली असतेच. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असते, तरी भाजल्याचे प्रकार होतातच.

टायमिंग बेल्ट: हे काम सोपवायचे, पण आंधळेपणाने नाही

नोंद नसलेला बेल्ट म्हणजे मुदत संपलेला बेल्ट, असे धरून चालावे. बऱ्याच बेल्टांची मुदत लाखभर किलोमीटर किंवा पाच ते सात वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. बेल्ट तुटला आणि इंजिनची रचना पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येणारी असली की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. मॅन्युअल पाहून खात्री करा.

हे काम नवख्याने पहिल्याच वर्षी करू नये. एक दात इकडेतिकडे झाला तरी इंजिन चालते पण ओढत नाही, आणि दोन-तीन दात चुकले तर सेल्फ मारताच व्हॉल्व्ह जातात. मात्र काय काय बदलायचे हे मालकाने लिहून द्यावे: बेल्ट, टेन्शनर, आयडलर पुली, वॉटर पंप, कॅम आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील, बाहेरचा अल्टरनेटर-एसी बेल्ट. वॉटर पंप चांगला दिसला तरी बदलायचा, कारण तो याच बेल्टवर फिरतो आणि नंतर गळला तर तेवढीच उघडझाप पुन्हा. सील गळले तर ऑइल नव्या बेल्टवर पडून त्याचे रबर खाते. काम झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी क्रँक हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात का हे पाहिले गेले का, एवढा एक प्रश्न जरूर विचारावा.

वरचे कूलंटचे आणि थर्मोस्टॅटचे काम याच वेळी केले. वॉटर पंप काढताना कूलंट सांडणारच असते.

ब्रेक

काम करण्याआधी गाडी उचलणे. सपाट, टणक जमीन; मागच्या चाकांना पुढून-मागून अडसर; चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल; मग जॅक, आणि ठरलेल्या जागी जॅक स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. सिमेंटचे ठोकळे आणि विटा भाराखाली इशारा न देता फुटतात. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला जोरात धक्का देऊन पाहायचे. पडायची असेल तर आपण खाली जाण्याआधी पडू दे.

स्टिअरिंग हलते ते डिस्क वाकल्यामुळे असे सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते, आणि त्याचे मूळ बऱ्याचदा हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसते तो भाग) गंजात असते. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क केसभर तिरकी बसते, प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ होते. त्यामुळे हब न घासता नवी डिस्क बसवली की थोड्या महिन्यांत तक्रार परत. या डिस्कवर किमान जाडी २०.० मिलिमीटर कोरलेली, मोजल्यावर २०.३. कायद्याने चालेल, पण ती घासून सपाट करायला जागा नाही. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड नवे. हब तारेच्या ब्रशने धातूपर्यंत साफ, डायल गेजने हेलकावा ०.०५ मिलिमीटरच्या आत. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तारेने लटकवून ठेवायचा, रबरी नळीवर नाही. सरकत्या पिनांपैकी एक जाम होती, म्हणूनच आतला पॅड बाहेरच्याच्या निम्मा उरला होता. पिना साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीस. साधे ग्रीस रबर फुगवते. पिस्टन आत ढकलताना वर टाकीतले ऑइल उसळून सांडते, आणि रंगावर पडले तर रंग सोलते, म्हणून आधी थोडे उपसून घ्यायचे. सगळे बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचे. हे विसरले की पहिला ब्रेक सरळ तळाला जातो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे, कारण ते हवेतले पाणी पिते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. एक लिटर पुरते. नेहमीची पद्धत मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाब तयार करणारा भाग) सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो. जुन्या गाडीत एक खुबी सांभाळायची: ब्लीडिंग करताना, म्हणजे जुने ऑइल आणि हवा बाहेर काढताना, पेडल तळापर्यंत दाबायचे नाही, खाली लाकडाचा तुकडा ठेवायचा. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षे वापरात आला नाही तिथे गंज आणि गाळ असतो. सील तिथून फिरले की फाटते, आणि ब्रेक ऑइल बदलल्यावर ब्रेकच गेले अशी गोष्ट तयार होते.

मागचे ड्रम एकेक बाजू उघडायचे. दुसरी बाजू नकाशा म्हणून शाबूत राहते. चाकांचे नट ताऱ्याच्या आकारात, टॉर्क पान्याने, या गाडीला १०० न्यूटन मीटर. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे.

खडखड

डावीकडच्या स्टॅबिलायझर लिंकचा (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीला जोडणारा दुवा) बॉल जॉइंट हाताने हलत होता. दोन्ही बाजूंचे लिंक बदलले. लोअर आर्मचे (चाक खालून धरणारा दांडा) मागचे रबरी बुशही फाटलेले. बुश बदलताना त्याचे बोल्ट गाडी हवेत असताना अखेरचे आवळायचे नाहीत. आर्म लोंबकळत असताना आवळले की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. चाके जमिनीवर, गाडीचा भार त्यांच्यावर, मग शेवटची आवळणी. त्यानंतर अलाइनमेंट, आधी केली तर पुन्हा करावी लागते. शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग उतरवणे मात्र कारागिरावर सोडावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात वाचत नाही.

आता अपग्रेड

हेडलाइट. इंजिन चालू असताना बल्बवर पूर्वी १२.१ व्होल्ट येत होते, अर्थ सुधारल्यावर १२.८. उरलेले व्होल्ट जुन्या स्विचमधून आणि बारीक तारांतून जात होते. बॅटरीवरून १५ ॲम्पिअरचा फ्यूज, प्रत्येक बीमला एक रिले, २.५ चौरस मिलिमीटरची तार. जुनी वायर फक्त रिले चालू करायला. आता १३.७. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने वाढतो, म्हणजे १२.१ वरून १३.७ ला उजेड दीडपट. बल्बचे आयुष्य बरेच घटते, पण तो सौदा परवडतो. एलईडीची जोडी परत केली. हॅलोजनसाठी घडवलेला आरसा फिलामेंट जिथे असते त्याच बिंदूसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी, त्या आकारात बसत नाही, म्हणून जवळचा रस्ता पांढराफटक, लांबचा काळोखात, आणि समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप. अनेक देशांत ते बेकायदाही आहे.

चाके. मूळ टायर १७५/६५ आर१४, बाहेरचा व्यास ५८३ मिलिमीटर. हवे असलेले १९५/५० आर१६ म्हणजे ६०१, तीन टक्क्यांनी मोठे: स्पीडोमीटर कमी दाखवणार, पूर्ण वळणावर आतल्या कव्हरला घासणार, चाक जड. १५ इंचच हवे तर १८५/५५ आर१५ चा व्यास ५८४.५, म्हणजे जवळजवळ तोच. फक्त रिमचा ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती सरकलेला आहे ते) मूळचाच हवा आणि टायरचा भारांक (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) मूळच्यापेक्षा कमी नको. अखेर मूळ मापाचेच चार चांगले टायर घेतले. या गाडीच्या चालण्यात जाणवणारा सर्वात मोठा फरक त्यांचाच.

उघडा एअर फिल्टर नको. तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि तेल लावलेल्या जाळीचा असला तर ते तेल हवामापक सेन्सरच्या तारेवर बसू शकते; मग पी०१७१ पुन्हा दारात.

टचस्क्रीन बसवता येते. कायम विजेची तार आणि चावीवरची तार उलट लागली की स्क्रीन रात्रभर जागी राहते, म्हणून बसवल्यावर ती ४० मिनिटांची मिलिॲम्पिअर चाचणी पुन्हा करायची. जोड पीळ देऊन टेप गुंडाळलेला नको. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. क्रिम्प आणि हीट श्रिंक वापरायचे.

राहिलेले

व्हॉल्व्ह कव्हरची गळती मुद्दाम ठेवली आहे. ओलसरपणा आहे, थेंब पडत नाही. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक आणि प्लगच्या चार विहिरी (प्लग बसतात ते खोल खड्डे) पाहायच्या. विहिरीत ऑइल दिसले तर थांबायचे नाही, कारण ते कॉइलच्या रबरात शिरून ठिणगी बाहेर पळवते आणि मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे) सुरू होते. तेव्हा कव्हरचे गॅस्केट आणि विहिरींची सीले एकाच वेळी, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, १० न्यूटन मीटरच्या आसपास. जास्त आवळले तर प्लास्टिकचे कव्हर तडकते.